शाळेचा निरोप फडापर्यंत

(माध्यमिक शिक्षक व पालक यांच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



माध्यमिक शाळेत काय चालते हे पालकांना कळले पाहिजे, असे म्हटले तर कोणत्याही सभेत विरोध होत नाही. माना डोलावल्या जातात, पालक-शिक्षक संघाची वार्षिक बैठक भरते, इतिवृत्त लिहिले जाते आणि चहा होऊन बैठक संपते. ज्या गोष्टीला कोणाचाच विरोध नाही ती घडत का नाही, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर ज्याला शाळेची वार्ता मिळणे सर्वांत अवघड, त्या पालकापासून प्रारंभ केला पाहिजे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणारा मजूर हा असा पालक आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमांच्या टोळ्या गाव सोडतात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या हद्दीत कोप्या उभ्या राहतात. तिथला कोयता थांबतो तो साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये. लहान मुले आईबापांबरोबर जातात. माध्यमिक शाळेत पोचलेली मुले आजी-आजोबांपाशी, नातलगांकडे किंवा वसतिगृहात मागे राहतात. आता या पंचांगाशेजारी शाळेचे पंचांग ठेवून पाहावे. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या तोंडावर. दहावीचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. सराव परीक्षा, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा हिवाळ्यात. शालान्त परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे मुलाच्या शिक्षणाचा निकाल ज्या महिन्यांत लागतो, नेमक्या त्या महिन्यांत आईबाप शेकडो किलोमीटर दूर फडात असतात. ते परत येतात तेव्हा सांगण्यासारखी एकच गोष्ट उरलेली असते, ती म्हणजे पास किंवा नापास. मधल्या काळात मूल कधीपासून गैरहजर राहू लागले, गणित कुठे सुटले, वर्गात कोणाशी पटेनासे झाले, यातले काहीही त्यांना ठाऊक नसते.

अशा घरात शाळेची बातमी नेणारा एकच दूत असतो, आणि तो म्हणजे मूल स्वतः. प्रगतिपुस्तक तेच वाचून दाखवते, त्यावर अंगठा कोठे उठवायचा तेच सांगते. जे मूल गैरहजर राहते त्याच्याच हातून गैरहजेरीची चिठ्ठी घरी धाडली जाते. ती पोचली नाही तर दोष मुलाचा म्हणावा की ती व्यवस्था करणाऱ्यांचा? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलावर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याचे काम सोपवायचे आणि त्याने खरे सांगितले नाही म्हणून पालकाला बेपर्वा ठरवायचे, हा न्याय नव्हे.

पालक बेपर्वा आहे, हा आरोप तसा जुनाच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद केली. त्यामागे पालकाविषयीचा तुच्छभाव नव्हता. राज्याने शाळा उघडण्याची जबाबदारी आधी स्वतःवर घेतली होती. पुढे २००२ साली शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी उपलब्ध करून देणे हे आईबापांचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानात लिहिले गेले. ज्याच्यावर कर्तव्य लादले जाते त्याला ते पार पाडण्यासाठी लागणारी माहिती मिळण्याचा हक्कही आपोआप प्राप्त होतो. कर्तव्य पालकाचे आणि माहिती मात्र कार्यालयातल्या कपाटात, अशी वाटणी टिकणारी नाही.

शाळेने आपले काम लोकांसमोर मांडावे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढील काही वर्षांतच मुलींच्या परीक्षा जाहीरपणे, नागरिकांच्या समोर घेतल्या. ज्या समाजाचा विरोध होता त्यालाच शाळेत काय शिकवले जाते ते पाहायला बोलावले. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तेव्हा छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ हस्तलिखित स्वरूपात चालवले. त्याचे वाचक विद्यार्थी होते हे खरे. परंतु शाळेतले रोजचे जीवन लिहून सांगण्याइतके मोलाचे आहे, आणि त्यासाठी छापखाना किंवा निधी लागत नाही, हा धडा त्यात आहेच.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. पण ती कुठे थांबतात हेही पाहिले पाहिजे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरले. विनाअनुदानित शाळा या तरतुदीबाहेर राहिल्या, आणि २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांतील समितीला केवळ सल्ला देण्यापुरते ठेवले. शिवाय हा कायदा आठवीच्या उंबरठ्यावर संपतो. नववी आणि दहावी, जिथे गळती सर्वांत जास्त बोचते, ती वर्षे त्याच्या बाहेर आहेत. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला. पण त्याचा रोख मुख्यतः शुल्काकडे आहे. ज्याच्याकडे शुल्क भरण्याची ऐपतच नाही त्याला त्या संघात बोलण्यासारखे काय उरते? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा मार्ग जरूर आहे. शासनाच्या पैशावर भरीव प्रमाणात चालणाऱ्या शिक्षणसंस्था त्याच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. तथापि आपल्या मुलीची हजेरी किती भरली, हे जाणून घेण्यासाठी आईला अर्ज करून तीस दिवस वाट पाहावी लागत असेल, तर त्या शाळेत हक्क आहे पण आपलेपणा नाही, असेच म्हणावे लागेल.

आता प्रत्येक वर्गाचा भ्रमणध्वनीवर गट असतो, तेव्हा हा प्रश्न सुटला, असे काहीजण म्हणतील. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शाळेचा सारा व्यवहार काही काळ त्याच पडद्यावर आला. ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही बापाच्या खिशात, त्या घराचे त्या काळात काय झाले, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. आजही गटावर येते काय? उद्या गणवेशात यावे. अमुक तारखेपर्यंत पैसे भरावेत. आधार कार्डाची प्रत आणावी. या सूचना आहेत. सूचना वरून खाली येते आणि पालनाची अपेक्षा करते. माहितीने माणसाला विचार करता येतो, आणि संवादात त्याला उलट प्रश्न विचारता येतो. फडातल्या आईला अक्षर वाचता येत नसेल, तर तिच्या दृष्टीने शंभर संदेशांचा गट मुकाच असतो.

तरीही सगळे काही सांगून टाकावे, असे म्हणणे घातक ठरेल. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. उचल मिळते ती जोडीवर. त्यामुळे मुलीचे लग्न लावले की घराची एक काळजी मिटते आणि मुकादमाला एक नवा कोयता मिळतो. नववीतली मुलगी मधल्या सुट्टीत एका मुलाशी बोलत होती, एवढा निरोप शाळेने फोनवरून फडात पोचवला, तर त्याचे उत्तर पुढल्या पंधरवड्यात अक्षता टाकून दिले जाण्याची भीती असते. याउलट तीच मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही हे शाळेने कोणाला सांगितलेच नाही, तरी परिणाम तोच होऊ शकतो. काय सांगायचे, कोणाला सांगायचे आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, याचा विवेक हाच शिक्षकाच्या कामाचा गाभा आहे. हजेरी, अभ्यास, आरोग्य आणि मिळणारे लाभ हे पालकाला निःसंकोच कळले पाहिजे. किशोरवयीन मनाची खाजगी वाट मुलीच्या संमतीवाचून चव्हाट्यावर येता कामा नये. आणि लग्नाची कुणकुण लागली, तर पालकाशी बोलतानाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असलेल्या ग्रामसेवकाला आणि १०९८ या क्रमांकाला कळवणे हे शाळेचे कर्तव्य ठरते.

एका गोष्टीत मात्र विवेकाच्या नावाखाली मौन चालणार नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे दोन चिमुकल्या मुलींवर शाळेत अत्याचार झाला, तेव्हा संतप्त लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. ज्यांना सरळ मार्गाने ऐकून घेतले जात नाही त्यांना रुळावर यावे लागते. संस्थेची अब्रू झाकण्यासाठी पालकांना अंधारात ठेवणारी शाळा अखेर अब्रू आणि विश्वास दोन्ही गमावते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, पालकसभेची तारीख पालकांच्या पंचांगावरून ठरावी. एक सभा टोळ्या निघण्यापूर्वी, भाद्रपद-आश्विनात. दुसरी त्या परतल्यावर. पहिल्या सभेतच कोणते घर कधी निघणार, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार, मागे मूल कोणाच्या हवाली राहणार आणि निरोप कोणाच्या फोनवर धाडायचा, याची नोंद वर्गशिक्षकाच्या वहीत व्हावी. दुसरी गोष्ट, मागे राहिलेल्या आजीला शाळेने पालक म्हणून मान द्यावा; तिला बैठकीत खुर्ची मिळावी आणि शाळेतल्या गोष्टी तोंडी समजावून सांगाव्यात. तिसरी, सलग तीन दिवस मूल आले नाही तर चौथ्या दिवशी घरी कोणीतरी जावे, आणि फडात फोन व्हावा. चौथी, महिन्यातून एकदा पाच मिनिटांचा बोलका निरोप जावा. तोही असा, की त्यात मुलाच्या चुकांबरोबर त्याने केलेले एखादे चांगले काम सांगितलेले असेल. पाचवी, शिष्यवृत्ती, मोफत पुस्तके, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली मंजूर झालेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेसारख्या सोयी यांची माहिती फलकावर मोठ्या अक्षरात लागावी आणि टोळी निघण्याआधी गावात वाचून दाखवली जावी.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, रोजच्या ऑनलाइन नोंदी आणि रिक्त पदे यांच्या ओझ्याखाली शिकवायलाच वेळ पुरत नाही, तिथे हे नवे काम कोणी करावे? पूर्वी शाळेचा शिपाई गावातला असे. कोणाचे मूल का आले नाही हे त्याला विचारण्यापूर्वीच ठाऊक असे, आणि मुख्याध्यापकांचा निरोप तोच घरोघर नेई. डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयाने अनुदानित शाळांतील ती पदे निघून जाण्याची आणि त्यांच्या जागी ठरावीक भत्ता देण्याची व्यवस्था झाली. कागदावर पैसा वाचला. शाळा आणि घर यांच्यातला एक जिवंत दुवा मात्र गेला, आणि त्याची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणून पालकांना माहिती मिळण्याची मागणी ही शिक्षकांच्या विरुद्ध नाही. शाळेला पुरेशी माणसे द्या, या मागणीचीच ती दुसरी बाजू आहे. शिक्षक आणि पालक यांनी ती एकत्र केली तरच तिला बळ येईल.

शिकलेल्या, सुस्थित पालकाला शाळेची माहिती मिळवण्याच्या शंभर वाटा असतात. तो मुख्याध्यापकांना फोन करतो, शिकवणी लावतो, गरज पडली तर शाळा बदलतो. मजुराला एकच शाळा असते आणि तिच्याकडून येणारा एकच निरोप. तो निरोप वेळेवर आणि सन्मानाने पोचला, तर रात्री गाडी भरताना त्या आईच्या मनात मुलीच्या पुढल्या वर्षाचा विचार येऊ शकतो. तो पोचलाच नाही, तर पुढल्या हंगामात त्या घरातून दोन कोयते निघतात. यंदाच्या टोळ्या निघायला अजून काही आठवडे आहेत. ती वही आजच उघडता येईल.