सरासरी आणि क्षणाचा वेग

समृद्धी महामार्ग आपल्या जालना जिल्ह्यातून जातो. नागपूर ते मुंबई हे 701 किलोमीटरचे अंतर त्यावरून आठ तासांत कापता येईल, असे सांगण्यात आले. भागाकार केला की सरासरी चाल निघते ताशी सुमारे 88 किलोमीटर. मोटारींना मुभा मात्र ताशी 120 पर्यंत आहे. समजा, 120 ने धावणाऱ्या गाडीचा टायर फुटला. त्या घटकेला गाडीची गतिज ऊर्जा 88 च्या हिशेबाने येणाऱ्या ऊर्जेच्या पावणेदोन पटीहून अधिक असते, कारण ही ऊर्जा चालीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालकाला भान यायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते. प्रवासाची सरासरी काय पडली याच्याशी ब्रेकला आणि कठड्याला काही देणेघेणे नाही. जे घडते ते त्या क्षणाच्या वेगामुळे घडते. सरासरी हा आपण मागाहून मांडलेला हिशेब, एवढेच आज मला सांगायचे आहे.

यावर कोणी म्हणेल, सरासरीवाचून व्यवहार कसा चालायचा? एसटीचे वेळापत्रक तिच्यावरच बसवतात. हे खरे आहे, आणि जुने ज्योतिषीही आरंभ सरासरीनेच करत. चंद्राची मध्यम गती दिवसाला सुमारे 13 अंश 10 कला. पण प्रत्यक्षात चंद्र एखाद्या दिवशी 12 अंशांच्या आतबाहेर सरकतो, तर एखाद्या दिवशी 15 अंशांच्याही थोडा पुढे जातो. म्हणून तिथी कधी 20 तासांत आटोपते, कधी 26 तासांवर लांबते. तिथी नेमकी केव्हा संपते हे काढायचे, तर मध्यम गती कामाची नाही. दिवसभराची गतीही पुरत नाही, कारण दिवसाच्या पोटातही ती बदलत असते. भास्कराचार्यांनी 1150 साली ‘सिद्धान्तशिरोमणी’त ही अडचण ओळखली आणि जवळच्या तिथ्यंतासाठी चंद्राची तात्कालिक गती घ्यावी, असे सांगितले. ज्या अजिंठ्याच्या रांगेत आपली पूर्णा उगम पावते, तिच्याच खानदेशाकडच्या पायथ्याशी, चाळीसगावजवळच्या पाटण्याला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याला 1207 मध्ये दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. वेगाचा विचार आपल्याकडे फक्त इंग्रजी शाळेतून आला, असे मानणाऱ्यांनी पाटणे एकदा पाहून यावे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. क्षणाला लांबी नाही. त्यात अंतर कापले जात नाही, वेळही जात नाही. मग शून्याला शून्याने भागून वेग कुठून आणणार? उत्तर असे की आपण शून्याने भागत नाही. हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे 4.9 मीटर पडतो. त्या सेकंदाच्या शेवटाचा वेग हवा असेल, तर पुढचा दशांश सेकंद घ्या: सरासरी येते सेकंदाला 10.29 मीटर. शतांश घ्या: 9.85. सहस्रांश घ्या: 9.805. आकडे 9.8 कडे सरकतात आणि तिथून ढळत नाहीत. ज्याच्याकडे ते सरकतात, तो त्या क्षणाचा वेग. भास्कराचार्यांपाशी मर्यादेची आजची व्याख्या नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे; न्यूटनच्या आधी सारे कलन आपण शोधले होते, असा दावा मी करणार नाही. पण ज्येतला (साइनमधला) बदल कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात होतो, हे त्यांनी ओळखले होते. ग्रहाच्या मध्यम स्थानाला द्यावयाची दुरुस्ती जिथे सर्वांत मोठी असते, तिथे तिच्या बदलाची गती शून्य असते, हेही त्यांनी सांगितले आणि याबाबत आधीचे ज्योतिषी लल्लाचार्य यांची चूक दाखवली. वर फेकलेला दगड माथ्यावर पोचतो तेव्हा त्याचा वेग असाच शून्य होतो. तरी तो तिथे थांबत नाही, कारण त्वरण शून्य झालेले नसते.

राहिली दिशा. वेगात चालीबरोबर तीही येते. जाफराबादहून जालन्याला जाऊन परत आलात, तर विस्थापन शून्य आणि म्हणून सरासरी वेगही शून्य. डिझेल मात्र जळलेलेच असते. चाल कायम राहून वेग बदलू शकतो, हे पुष्कळांना पटत नाही. वळणावर मीटरचा काटा हलत नाही, मग बदलले काय, असा प्रश्न येतो. बदलली दिशा, आणि ती बदलायला बाजूने बळ लागते. आपल्या जाफराबादपाशी केळना आणि पूर्णा या नद्या मिळतात. नदीच्या वळणावर पाण्याला वळवणारे बळ शेवटी बाहेरच्या काठाकडून येते. तिथे पाणी वेगाने घासून जाते, त्यामुळे काठ तिथेच कापला जातो आणि गाळ आतल्या बाजूला साठतो. त्याच वळणावर वेग दुप्पट झाला की लागणारे बळ चौपट होते. पूर्णेच्या प्रवाहाची वर्षाची सरासरी काढली तर आकडा किरकोळ येईल, कारण त्यात उन्हाळ्यातले कोरडे दिवसही धरलेले असतात. त्यामुळे काठाला दगडी पिचिंग करायचे असेल, तर ते बाहेरच्या बाजूला करावे लागते, आणि दगड केवढा घ्यायचा हे पुराच्या ऐन वेगावरून ठरवावे लागते.