फोंडा की बेळगाव?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात रामनगर येथे मंडळाच्या मंडपात वाचलेल्या मनोगताचा मजकूर)



हे मनोगत आम्ही दोघांनी मिळून लिहिलं आहे. वाचणारा एकच असला तरी 'आम्ही' म्हणतोय ते त्यामुळेच. कार्यक्रमपत्रिकेत 'स्थलांतर : एक अनुभव' असा भारदस्त विषय छापला आहे. बाजारात मात्र सगळे सरळच विचारतात, "सख्ख्या भावाचं दुकान फोंड्याला असताना तुम्ही बेळगाव का धरलंत?" त्याचंच उत्तर आज देतो. आमचा निर्णय सगळ्यांना लागू पडेल असं नाही. पण तो घेताना जे हिशेब केले आणि जे चुकले, ते कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

सुरुवात सुप्यापासून करायला हवी, कारण या मंडपातली निम्मी घरं तिथलीच. पांढरी नदी काळी नदीला मिळते तिथे आपलं जुनं सुपा गाव होतं. तालुक्याचं ठाणं तिथे, कचेरी तिथे, बाजार तिथे. गणेशगुडीला एकशे एक मीटर उंचीचं धरण १९८७ साली पुरं झालं, पण गाव त्याच्या आधीच रिकामं झालं होतं. ठाणं जोयड्याला गेलं, माणसं रामनगरला आणि वाट फुटेल तिकडे. आमच्या घरात तेव्हा दोन पर्याय होते, हल्याळला नातेवाइकांजवळ जावं की रामनगरला यावं. आजोबांनी एका रात्रीत ठरवलं आणि सकाळी सांगितलं. आईला कुणी विचारलं नाही. ज्यांच्या गावावर एवढं पाणी साठलं, त्यांनीच इथे येऊन घागरी घेऊन पाण्याची वाट पाहिली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून या वेळी आम्ही ठरवलं की घाई करायची नाही आणि सगळ्यांना विचारायचं.

आमची निकड साधीच होती. मुलगी दहावी झाली, तिला सायन्सला जायचं होतं. मुलगा चौथी झाला. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, तिला दर महिन्याला मोठ्या डॉक्टरकडे न्यावं लागतं. इथून दोन शहरं हाताशी. वर बेळगाव, घाट उतरून फोंडा. अंतर साधारण सारखंच. आमच्या आजोबांच्या काळी फोंडा म्हणजे परदेश होता. तेव्हा कॅसलरॉकला गाडी थांबून सामानाची झडती व्हायची. आज अनमोडचा घाट उतरला की गोवा. हद्द दिसत नाही, पण कागदावर ती आहेच, आणि आमचा निम्मा हिशेब तिथेच अडकला.

फोंड्याची बाजू आधी सांगतो, कारण ती जोरदार होती. धाकट्या भावाचं हार्डवेअरचं दुकान चांगलं चालतं. "दादा, अर्धी भागी घे," असं त्यानं स्वतःहून सांगितलं. म्हणजे पहिल्या महिन्यापासून मिळकत. घरी जी भाषा बोलतो तीच बाजारात. चवथ आपल्यासारखीच, माटोळी आपल्यासारखीच. बेळगावात यातलं काही नव्हतं. माहेरची चार माणसं होती, आणि भाड्याचं घर शोधण्यापासून सुरुवात.

मग आम्ही मुलांची वर्षं मोजायला बसलो. सगळे म्हणायचे, मुलगी मोठी, तिचा विचार आधी करा. आम्हालाही तसंच वाटत होतं. कर्नाटकच्या सीईटीसाठी सर्वसाधारण नियम असा की पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा इथून पास झालेली असावी. मुलीची दहा वर्षं इथेच झाली, एसएसएलसी इथलीच. ती फोंड्याला गेली असती तरी तिचा हा हक्क कुठे जात नव्हता. अडचण होती धाकट्याची. त्याची चारच वर्षं भरली होती. तेव्हा गोव्यात गेला असता तर इथला हिशेब अर्धवट राहिला असता. तिकडे सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षं वास्तव्याचा दाखला लागतो. मुलाची ती पंधरा वर्षं ऐन पंचविशीत पुरी झाली असती, मुलीला एकतीस उजाडलं असतं. म्हणजे एकाच घरातल्या दोन मुलांना दोन वेगळी उत्तरं. हे नियम बदलतात, म्हणून दर वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

भाषेचंही तसंच. आपली मुलं घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कानडी अशी तीन तोंडांनी वाढतात. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मराठी-कोकणीतून असल्या तरी पाचवीपासून बहुतेक सगळं इंग्रजी होतं. धाकट्याची मराठी तिथे थांबली असती आणि कानडीही सुटली असती. बेळगावात मराठी माध्यमाची हायस्कुलं आहेत, आणि कानडी विषय सक्तीचा आहे. या सक्तीबद्दल प्रत्येकाचं मत असेल, आमचंही आहे. पण ज्या राज्यात सात-बारा कानडीत निघतो तिथे मुलाला कानडी वाचता येणं हा आम्ही फायदाच धरला.

आईच्या औषधपाण्याचं म्हणाल तर बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल मोठं आहे, आपल्या भागातले कितीतरी जण तिथे बरे होऊन आले. पण २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे पैसे भरावे लागतात, आणि आपली कर्नाटकची कार्डं इकडची. तिकडचे रहिवासी ठरेपर्यंत मधली वर्षं आईला परकं म्हणून जावं लागलं असतं. शिवाय इथे शक्ती योजनेमुळे २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. दर महिन्याच्या खेपेला हेही मोजावं लागतं.

एवढं सगळं वहीत मांडून आम्ही आईपुढे बसलो. तिनं शांतपणे ऐकलं. सीईटी, दाखले, कार्डं यांत तिला रस नव्हता. तिनं एकच विचारलं, "मला घरातून एकटीनं चालत देवळात जाता येईल का?"

आम्ही गप्प. हा रकाना आमच्या वहीत नव्हताच. भावाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फोंड्याची देवळं जगप्रसिद्ध, पण मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी ही सगळी शहराबाहेर, प्रत्येक वेळी गाडी हवी. आणि बेळगावात आम्ही जो फ्लॅट जवळजवळ पक्का केला होता, तिथूनही देवळाला रिक्षाच करावी लागली असती. म्हणजे आईच्या प्रश्नात आमचं बेळगावही नापास झालं होतं! तो फ्लॅट सोडला. कपिलेश्वराच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर, तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. घर जुनं आहे, नळाला पाणी रोज येत नाही. पण आई सकाळी काठी घेऊन एकटी जाते, परत येताना भाजी घेऊन येते, आणि गल्लीतल्या चार बायकांची नावं तिला आमच्याआधी पाठ झाली.

शहर निवडताना आपण शहराचं नाव निवडतो. माणूस राहतो मात्र एका गल्लीत, हे आम्हाला आईनं शिकवलं.

आता चुकलेलं सांगतो. दुकान रामनगरलाच ठेवलं, कारण धाकट्याची सातवी होईपर्यंत तरी इथलं काही मोडायचं नाही असं ठरलं. त्यामुळे आमच्यापैकी एकजण आठवडाभर इथे आणि दुसरी तिकडे. दोन चुली, दोन विजेची बिलं, दोन गॅस सिलिंडर. हा खर्च आम्ही कमी धरला होता. पहिल्या वर्षी साठवलेल्यातलं काढावं लागलं. मुलगी नव्या कॉलेजात सहा महिने रडत होती. तीही स्थलांतर करतेय, नुसतं कॉलेज बदलत नाहीये, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक भावाच्या बाबतीत झाली. त्याला आम्ही शेवटी सांगितलं, तेही फोनवर. त्यानं भागीचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. त्याला वाटलं, आपलं शहर दादाला कमी वाटलं. चार महिने बोलणं तुटक होतं. वहीत दोन शहरांची तुलना करताना त्यातल्या एका शहरात आपला माणूस बसलाय, हे आम्ही विसरलो. तो गेल्या चवथीला आला, माटोळी बांधायला नेहमीसारखा शिडीवर चढला, तेव्हा कुठे मोकळं झालं.

तुमच्यापैकी काही घरं आज याच विचारात आहेत. जंगलातल्या वाड्यांवरच्या काही कुटुंबांपुढे व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेनं बाहेर येण्याची योजना आहे. तिची रक्कम २०२१ मध्ये कुटुंबामागे दहा लाखांवरून पंधरा लाख झाली. घ्या की घेऊ नका, हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. एवढंच सांगतो की आपल्या सुप्याच्या घरांत पैसा आधी आला आणि विचार मागून आला. या वेळी उलटं करा. जिथे जाणार तिथे आधी पंधरा दिवस राहून पाहा, तेही जुलैत. घाटात दरड कोसळून रस्ता बंद होतो तेव्हाच ते शहर किती जवळ आहे ते कळतं. मुलांची वर्षं एकेका मुलाची वेगळी मोजा. राज्य बदलणार असाल तर बारा महिन्यांत गाडीचं पासिंगही बदलावं लागतं, असल्या बारीक गोष्टी आधीच लिहून काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला वेगवेगळं विचारा. आणि जमलं तर पहिली तीन वर्षं इथलं घर विकू नका.

आम्ही विकलं नाही. गणपती कुठे आणायचा हा प्रश्न निघाला तेव्हा वही उघडावीच लागली नाही. बेळगावचं विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, मुलांना त्याची फार हौस, ते त्यांनी खुशाल बघावं. पण घरचा गणपती रामनगरला. सुपा सोडताना आजोबांनी देव्हारा मांडीवर घेऊन आणला होता. तो पुन्हा हलवायची वेळ अजून आमच्यावर आलेली नाही. एक भाऊ घाट चढून येतो, एक घर बेळगावहून उतरून येतं, आणि आई दोन दिवस आधीच येऊन अंगण सारवायला लावते.

धाकट्याची सातवी झाली की पुन्हा वही उघडायची आहे. तेव्हा उत्तर फोंडा येईल, बेळगाव येईल किंवा परत रामनगर. भावाला या वेळी सगळ्यात आधी सांगू.

 काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला.

गणपती बाप्पा मोरया!