कॅम्पातल्या पाट्या

(लोणंद येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, लोणंदहून रेल्वेने पुण्याला उतरलो की ईदच्या खरेदीसाठी आपली पावले कॅम्पाकडे वळतात. एम. जी. रोड, ईस्ट स्ट्रीट, फॅशन स्ट्रीट. कपडे घ्यायचे, सेल्फी काढायचे, बेकरीपुढच्या रांगेत उभे राहायचे आणि संध्याकाळची गाडी पकडायची. आज मी तुम्हाला त्याच रस्त्यांवर नेणार आहे, पण खरेदीला नाही, पाट्या वाचायला.

कॅम्प कुणी वसवला? आपण पटकन म्हणतो, इंग्रजांनी. ते अर्धेच खरे आहे. 1817 साली खडकीची लढाई झाली, पुढच्या वर्षी पेशवाई संपली आणि पेठांच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी पडली. जुने पुणेकर आजही या भागाला 'लष्कर' म्हणतात. साहेबांचे बंगले, चर्च, क्लब उभे राहिले. पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर पुण्यात मुक्कामाला येत. कॅम्पाची ऐट तिथून सुरू झाली.

पण छावणी काही नुसत्या साहेबांवर चालत नाही. गणवेश कोण शिवणार? पाव कोण भाजणार? मटण कोण कापणार, घोड्यांकडे कोण बघणार? ही कामे करणाऱ्यांची वस्ती बंगल्यांशेजारी वाढली. मुसलमान, बोहरी, पारशी, इराणी, ज्यू, ख्रिस्ती, दलित, दक्षिणेकडून आलेले तमिळ आणि तेलुगू लोक. त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच सापडतील, पण गल्ल्यांच्या नावांत त्यांच्या खुणा आहेत. शिंपी आळी. मोदीखाना, म्हणजे शिधासामग्रीचे कोठार. भीमपुरा. साचापीर स्ट्रीट. आणि ताबूत स्ट्रीट, जिच्या नावातच मोहरम आहे.

आता दोन वास्तू बघू. पहिली 'लाल देऊळ'. लाल विटांची, उंच मनोऱ्याची इमारत. ते देऊळ नाही, ज्यूंचे सिनेगॉग आहे. बगदादहून मुंबईला आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी 1863 मध्ये त्याचे काम सुरू केले, 1867 मध्ये ते पूर्ण झाले. पुणेकरांनी परक्या प्रार्थनास्थळाला आपल्या भाषेतले नाव दिले आणि ते आपले करून टाकले. याच ससून यांच्या देणगीतून ससून रुग्णालय उभे राहिले. सातारा जिल्ह्यातले कितीतरी रुग्ण आजही तिथे जातात. त्यांना कुणी धर्म विचारत नाही.

दुसरी वास्तू म्हणजे हजरत बाबाजान यांचा दर्गा. चार बावडी भागात कडुनिंबाच्या झाडाखाली ही वृद्ध फकीर स्त्री बसायची. 1913 मध्ये डेक्कन कॉलेजात शिकणारा मेरवान इराणी हा झोरोस्ट्रियन तरुण तिला भेटला. तोच पुढे मेहेरबाबा म्हणून ओळखला गेला. 1931 साली बाबाजान गेल्या. बायकांनी दर्ग्यात जावे की नाही यावर आपल्याकडे वाद घालतात. इथे दर्गाच एका बाईचा आहे!

हे मी अभिमानाने छाती फुगवायला सांगत नाही. 'हे आमचे' म्हणून कुंपण घालायलाही नाही. "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना ऐकावा लागतो. त्याला घोषणेने उत्तर देता येत नाही. नोंदीने देता येते. आणि नोंदी ठेवण्यात आपणच आळशी आहोत. मार्च 2021 मध्ये फॅशन स्ट्रीटला आग लागली, शेकडो छोटी दुकाने एका रात्रीत जळाली. माल पुन्हा भरता येतो. जळालेले कागद, फोटो, हिशेबाच्या वह्या परत येत नाहीत.

माउलींची पालखी पुण्यातून निघाली की कॅम्पाच्या कडेने, पूलगेटवरून हडपसरकडे जाते. नीरा ओलांडून तीच पालखी आपल्या लोणंदला मुक्कामी येते. त्या वाटेवरचे आपले गावही वाचायला शिका. कांद्याच्या बाजारात हमाली कुणी केली, मशिदीला जागा कुणी दिली, वारकऱ्यांना पाणी कुणी पाजले, हे घरातल्या दादी-नानींना विचारा. मोबाईल आहेच हातात, रेकॉर्ड करा. जुनी घरे पडण्याआधी त्यांचे फोटो काढा. पुढच्या ईदला कॅम्पात गेलात, तर एक पाटी थांबून वाचा. मग गावी येऊन आपली पाटी लिहा.