नवी एकांकिका कशी पाहावी?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते : सहशिक्षक, बी. ए., बी. एड.)



आज मी जो विषय निवडला आहे तो कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही. तरीही तो शिक्षणाचाच विषय आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. आपल्या काळातले लेखक नव्या एकांकिका लिहीत आहेत. त्या कशा पाहाव्यात आणि त्यांविषयी आपले मत कसे बनवावे, याबद्दल चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

एकांकिका म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात संपणारे छोटे नाटक. मोठे नाटक कापून लहान केले म्हणजे एकांकिका होते, असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. कादंबरी आणि लघुकथा यांत जो फरक आहे तोच इथे आहे. एकांकिकेत पात्रे थोडी, घटना बहुधा एकच. पडदा उघडतो तेव्हा भांडे चुलीवर चढलेले असते आणि पाणी उकळायला आलेले असते. लेखकाला पाल्हाळ लावायला वेळ नसतो. म्हणून प्रेक्षकालाही डुलकी घेण्याची सवलत नसते!

आता आपण विचाराल, जुनी गाजलेली नाटके असताना नवीच का पाहायची? जुनी जरूर पाहावीत. परंतु जुन्या नाटकाविषयी काय बोलायचे हे अगोदरच ठरून गेलेले असते. पाठ्यपुस्तकात उतारा असतो, खाली टीपा असतात, बाजारात गाईड असते. नव्या एकांकिकेचे गाईड निघालेले नसते. कित्येक एकांकिका तर छापल्याही जात नाहीत. पाहणाऱ्याने पाहिल्या आणि लक्षात ठेवल्या, तेवढेच त्यांचे आयुष्य. वर्गात एखाद्या नाट्यप्रयोगावर बोलायला लागलो की मुले पहिला प्रश्न विचारतात, "सर, यातून बोध काय घ्यायचा?" दुसरा प्रश्न असतो, "यावर किती मार्कांचा प्रश्न येईल?" यात मुलांचा दोष नाही. उत्तर दुसऱ्याकडून तयार मिळते ही सवय आपणच त्यांना लावली आहे. नवे नाटक ही सवय मोडते. तिथे तुमचे डोळे, तुमचे कान आणि तुमची अक्कल याखेरीज हाताशी काही नसते. उद्या वर्तमानपत्र वाचताना, पुढाऱ्याचे भाषण ऐकताना, मोबाईलवर आलेला मजकूर पुढे पाठवताना हीच अक्कल उपयोगी पडणार आहे.

आपण मुंबईच्या उपनगरांत राहतो, म्हणजे या बाबतीत आपण नशीबवान आहोत. पार्ल्याला दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडला कालिदास ही नाट्यगृहे उभी राहिली. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ साली सुरू झाले. जेमतेम दोनशे खुर्च्यांचे ते घर छोट्या आणि नव्या नाटकांसाठी नावाजलेले आहे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली. पुढे मुंबईत आय. एन. टी.ची महाविद्यालयीन स्पर्धा आली. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई' स्पर्धा रात्रभर रंगू लागली. तिच्यात इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका उतरतात. २०१४ पासून 'लोकसत्ता'ने 'लोकांकिका' सुरू केली. अठरा-वीस वर्षांची मुले या स्पर्धांसाठी स्वतः लिहितात, बसवतात आणि करतात.

इथे एक गोष्ट पालकांच्या कानावर घालतो. मराठी रंगभूमीवरच्या एका मोठ्या चळवळीला घर दिले ते दादरच्या एका शाळेने. 'आविष्कार' संस्थेचे प्रयोग १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात होऊ लागले. या चळवळीत पुढे असलेल्या सुलभा देशपांडे मुळात त्याच शाळेत शिक्षिका होत्या. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ साली रंगमंचावर आलेल्या नाटकात शिक्षिका बेणारेची भूमिका त्यांनीच केली. त्या नाटकाची कल्पना तेंडुलकरांना कशी सुचली? हौशी नटांची एक मंडळी पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघाली होती. लोकलमध्ये चाललेल्या त्यांच्या गप्पा तेंडुलकरांनी ऐकल्या. त्याच लोकलने आपली मुले रोज जातात. विषय शोधायला लांब जावे लागत नाही, कान उघडे असावे लागतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एकांकिका पाहायची कशी?

पहिली गोष्ट, विषय आणि नाटक यांत फरक करा. हुंडा वाईट, दंगल वाईट, व्यसन वाईट हे आपल्याला ठाऊकच असते. विषय चांगला म्हणजे नाटक चांगले, असे होत नाही. स्पर्धांतून पुष्कळदा असे दिसते की शेवटी एक पात्र पुढे येऊन भाषण ठोकते आणि सभागृहात टाळ्या पडतात. त्या टाळ्या भाषणाला असतात. नाटकात जे घडले त्यातून ते आपल्याला उमगले की कोणी सांगितले म्हणून कळले, हे स्वतःला विचारा.

दुसरी गोष्ट, कोणाला काय हवे आहे आणि आड काय येते, हे पाहा. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका सत्तरच्या दशकातली. मागणी केवढी? एक घोट पाणी. आड काय येते? हजारो वर्षांची जात. सेट नाही, डामडौल नाही, दोन नट आणि तहान. याच गज्वींना २०१९ साली नागपूरच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. मागणी जितकी साधी तितका अन्याय स्पष्ट दिसतो, हे ध्यानात घ्या.

तिसरी गोष्ट, दोषी कोण हे ठरवण्याची घाई करू नका. महेश एलकुंचवार यांची 'होळी' ही एकांकिका महाविद्यालयात घडते. होळीची सुट्टी रद्द होते, मुले बिथरतात. ज्याने नावे सांगितली त्या मुलाचा ती इतका छळ करतात की तो जीव देतो. केतन मेहता यांनी १९८४ साली तिच्यावर चित्रपट काढला. ती पाहणारा पालक म्हणतो, मुले वाया गेली. विद्यार्थी म्हणतो, प्राचार्य आणि शिक्षक बेपर्वा आहेत. दोघांचेही काही अंशी खरे आहे. चांगली एकांकिका आपल्याला सोयीचा आरोपी देत नाही, घरी जाताना आपल्यालाच साक्षीला उभे करते.

चौथी गोष्ट, करामतीला भुलू नका. झगमगता प्रकाश, कान फाटेल असे पार्श्वसंगीत आणि शेवटी एक मृत्यू, ही स्पर्धेची ठरलेली औषधे आहेत. प्रकाशयोजना आणि संगीत मनातून वजा करून पाहा. तरीही गोष्ट उभी राहिली तर ती खरी.

पाचवी गोष्ट, परके वाटणारे नाटक अर्ध्यावर टाकू नका. प्राजक्त देशमुख यांची 'देवबाभळी' अगोदर एकांकिका होती. २०१७ साली 'संगीत देवबाभळी' म्हणून ती मोठे नाटक होऊन आली आणि २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. संत तुकारामांची पत्नी आवली आणि लखुबाईच्या रूपात तिच्या घरी आलेली रखुमाई, अशा दोघींची ही गोष्ट. आपल्यापैकी कोणी म्हणेल, हा आपला विषय नव्हे. परंतु नवरा देवाच्या ध्यासात, घरात दाणा नाही आणि संसार ओढणारी बाई एकटी, ही बाई आपल्या मोहल्ल्यात नाही काय? आपल्या आया-बहिणींना आवली ओळखायला वेळ लागणार नाही.

आता थोडे आपल्याविषयी. रंगमंचावर आपण कसे दिसतो? पुष्कळदा टोपी, सुरमा आणि मोडकी हिंदी. नाहीतर दुसरे टोक, म्हणजे कधीच न चुकणारा नेक चाचा. अशा वेळी एक सोपी कसोटी लावा. त्या पात्राची टोपी काढली आणि नाव बदलले, तर मागे माणूस उरतो काय? उरत नसेल, तर लेखक त्या माणसाला भेटलेलाच नाही, असे खुशाल समजा. तसे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. मात्र तो हक्क नाटक पुरते पाहणाऱ्याला आहे, ऐकीव माहितीवर रागावणाऱ्याला नाही. आणि एखाद्या लेखकाने आपला खरा दोष दाखवला, तर उठून जाण्यापूर्वी स्वतःला विचारा, हे खोटे आहे की केवळ झोंबणारे आहे?

यावर खरा उपाय म्हणजे आपली माणसे लिहिती व्हावीत. शफाअत खान यांनी 'मुंबईचे कावळे', 'शोभायात्रा' अशी नाटके मराठीत लिहिली. 'शोभायात्रा'त स्वातंत्र्याच्या मिरवणुकीसाठी गांधी, नेहरू, टिळक बनून आलेली सामान्य माणसे एका जागी अडकतात आणि पोशाखाखालचा खरा माणूस हळूहळू बाहेर पडतो. हे केवळ मुसलमानांचे नाटक नाही, ते सगळ्या देशाचे आहे. डॉ. जब्बार पटेल यांनी वैद्यकीय शिक्षण पुरे केले, मुलांचे डॉक्टर झाले आणि १९७२ साली 'घाशीराम कोतवाल'ही बसवले. २०२४ साली शंभराव्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. नाटकाने अभ्यास बुडतो असे म्हणणाऱ्या पालकांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

प्रत्येक मुलाने नट व्हावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. प्रत्येकाने जाणता प्रेक्षक व्हावे, इतकेच मागणे आहे. म्हणून जाता जाता तीन विनंत्या करतो. विद्यार्थ्यांनो, सहामाहीत निदान एक नवी एकांकिका पाहा. पाहून आल्यावर कोणाशी चर्चा करण्याआधी वहीत दहा ओळी लिहा. आवडले की नाही एवढ्यावर थांबू नका, कोणत्या क्षणी आवडले आणि का, ते लिहा. पालकहो, मुलगा गेला तर चालते आणि मुलगी गेली तर काळजी वाटते, हे मी समजू शकतो. त्यावर उपाय तिला घरी बसवणे हा नाही. तिच्याबरोबर आपणही जा. घरी परतताना रिक्षात तिचे मत विचारा आणि ते आपल्याहून निराळे निघाले तर रागावू नका. शेवटची विनंती संस्थेला. आपल्यालाही एक सभागृह आहे. स्नेहसंमेलनात नकला आणि गाणी होतातच. वर्षातून एक संध्याकाळ मुलांनी स्वतः लिहिलेल्या एकांकिकेला द्यावी आणि प्रयोगानंतर अर्धा तास प्रेक्षकांनी बोलावे. भाषणे कोणी करू नयेत. आजचे माझे तेवढे माफ असावे!

मुलांची पहिली एकांकिका कच्ची असेल, संवाद अडखळतील, पडदा मध्येच अडकेल. तरी त्या अर्ध्या तासात आपली मुले आपल्याविषयी स्वतःच्या शब्दांत बोलतील, आणि ते ऐकायला पहिल्या रांगेत आपण असू.