सही करण्यापूर्वी
(डिलाईल रोड येथील सभेत केलेले भाषण)



आमच्या चाळीतील एका निवृत्त गिरणी कामगाराला घास गिळेनासा झाला. आधी भाकरी अडकू लागली, मग भात, शेवटी पाणीसुद्धा. 'पित्त असेल' म्हणत महिने गेले. निदान झाले तेव्हा अन्ननलिकेचा कॅन्सर पसरलेला होता. डॉक्टरांनी नव्या औषधांच्या चाचणीचा कागद पुढे केला. घरातले म्हणाले, "गरीब बघून प्रयोग करतात." सही झाली नाही. तेव्हा काय सांगावे हे आम्हालाही उमजले नाही, म्हणून आज हा विषय घेतला.

ही भीती खुळी नाही. पण चाचणी म्हणजे काय, ते आधी पाहू. अशा चाचणीत बहुधा दोन गट असतात. एकाला प्रचलित केमोथेरपी, दुसऱ्याला तीच अधिक नवे औषध. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. डॉक्टरांच्या मर्जीवर नसते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 'टोगा' चाचणीत जठराच्या, म्हणजे पोटाच्या, पुढे गेलेल्या कॅन्सरचे 594 रुग्ण होते. त्यांच्या गाठीत 'हर-टू' हे प्रथिन जास्त होते. नुसत्या केमोच्या गटात निम्मे रुग्ण 11.1 महिन्यांपलीकडे जगले. ट्रास्टुझुमॅबची जोड दिलेल्या गटात 13.8 महिन्यांपलीकडे. एवढेच? होय, एवढेच. पण हे 'एवढेच' किती, हे रुग्णाने ठरवावे.

खरी अडचण किमतीची. नवी औषधे आपल्या पगारात बसत नाहीत. इथून जवळच, परळच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवर निव्होलुमॅबचा अवघा 20 मिलिग्रॅमचा डोस स्वस्त गोळ्यांच्या जोडीने तपासला. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. हा निकाल 2023 साली छापून आला. जठराला किंवा अन्ननलिकेला तो जसाच्या तसा लावता येत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी हवी, आणि तिला माणसे लागतात, आपल्यासारखीच.

2019 च्या नियमांनुसार चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत व भरपाईची तरतूद आहे. वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार बसवावा लागतो. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, शेजारच्या घरी असा कागद आला तर तो वाचून दाखवा. नवे औषध कोणते, त्रास काय, तपासण्यांचा खर्च कोणाचा, हे प्रश्न मराठीत लिहून द्या. डॉक्टरांकडे जाताना सोबत कोणी नसेल, तर आम्ही येऊ.