शस्त्रसंधीचा कागद

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांनी आपल्याला उपकृत केले आहे. मी विद्वान नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलांच्या गादीवर बसलो. पुढची चाळीस वर्षे थान मोजण्यात आणि उधारी वसूल करण्यात गेली. त्यामुळे सरकार आणि बंडखोर यांच्यातील शस्त्रसंधीच्या करारांवर बोलण्याची इच्छा मी व्यक्त केली, तेव्हा विश्वस्तांच्या चेहऱ्यावर उमटलेले आश्चर्य माझ्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी मोठ्या मनाने संमती दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका कागदामुळे. श्रीलंकेचे सरकार आणि लिट्टे यांच्यात २००२ साली झालेल्या कराराचा संपूर्ण मजकूर माझ्या वाचनात आला. केवळ चार कलमांचा, मोजक्या पानांचा तो दस्तऐवज. आपल्यापैकी अनेकांची भागीदारीपत्रे त्याहून मोठी असतील. व्यापारी माणूस कागद हाती आला की सही कोणाची आहे हे नंतर पाहतो. माल केव्हा द्यायचा, पैसे केव्हा घ्यायचे आणि वांधा झाला तर निवाडा कोणी करायचा, या तीन गोष्टी आधी शोधतो. त्याच सवयीने मी तो करार वाचला, आणि मग इंडोनेशियातील आचे प्रांताचा २००५ सालचा करार मिळवून त्याच्या शेजारी ठेवला. आज जे सांगावयाचे आहे ते या दोन कागदांविषयी आहे.

श्रीलंकेचा इतिहास आपणांस ठाऊकच आहे. जुलै १९८३ मध्ये जाफन्याजवळ तेरा सैनिक मारले गेले, त्यानंतर तामिळांविरुद्ध भीषण दंगली उसळल्या आणि यादवी सुरू झाली. १९८७ च्या करारानंतर आपली शांतिसेना तेथे गेली आणि हजाराहून अधिक भारतीय जवान गमावून १९९० साली परतली. जानेवारी १९९५ मध्ये एक युद्धबंदी झाली होती. लिट्टेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्रिंकोमालीच्या बंदरात नौदलाची दोन जहाजे बुडवून ती मोडली. म्हणजे २००२ साली समोरासमोर आलेले दोन्ही पक्ष एकमेकांकडून आधीच फसवणूक अनुभवलेले होते. समोरासमोर आले असे म्हणणेही तसे चुकीचेच. वेलुपिल्लई प्रभाकरन यांनी २१ फेब्रुवारीला आपल्या प्रदेशात सही केली, पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांनी दुसऱ्या दिवशी सही केली आणि २३ फेब्रुवारीच्या आरंभी, मध्यरात्री, करार लागू झाला. दोघांची भेट झाली नाही. मध्ये नॉर्वे होता.

आता कागद पाहा. तपशिलात तो मुळीच ढिसाळ नाही. जेथे हद्दी स्पष्ट नसतील तेथे दोन्ही फौजांमध्ये किमान ६०० मीटरचे अंतर राहील. देवळे, चर्च, मशिदी ३० दिवसांत रिकाम्या करावयाच्या; शाळांच्या इमारती १६० दिवसांच्या आत. लिट्टेच्या नि:शस्त्र कार्यकर्त्यांना सरकारी ताब्यातील उत्तर व पूर्व भागात राजकीय कामासाठी प्रथम पन्नास, मग आणखी शंभर आणि ९० दिवसांनंतर सर्वांना मुभा. कँडी ते जाफना हा महामार्ग, ज्याला तेथे ए-९ म्हणतात, नागरी वाहतुकीला खुला. मासेमारीवरील बंधने टप्प्याटप्प्याने शिथिल. देखरेखीसाठी नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंड या पाच देशांच्या निरीक्षकांचे पथक. सहा जिल्ह्यांत स्थानिक समित्या, प्रत्येकीत सरकारचे दोन, लिट्टेचे दोन आणि एक परदेशी निरीक्षक. कराराचा अर्थ लावण्यात पथकप्रमुखाचा शब्द अंतिम.

एप्रिल २००२ मध्ये ए-९ मार्ग उघडला. मी व्यापारी असल्यामुळे या एका वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. अनेक वर्षे बंद असलेल्या रस्त्यावरून मालमोटारी जाऊ लागल्या की काय होते, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दोन पेठा पुन्हा जोडल्या जातात, दर उतरतात, गावोगावीची दुकाने उघडतात. अर्थात लिट्टेने आपल्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर कर वसूल करावयास आरंभ केला, आणि तो माल घेणाऱ्यांना मुकाट्याने सोसावा लागला. तरीही रस्ता उघडला होता.

मग उणे कोठे होते? माझ्या मते तीन ठिकाणी.

पहिले म्हणजे हा वाद मुळात ज्या प्रश्नावरून होता, तामिळ प्रदेशाला काय मिळणार, स्वायत्तता की संघराज्य की आणखी काही, त्याविषयी कागदात एक शब्दही नाही. तो जाणूनबुजून बाजूला ठेवला होता. आधी गोळीबार थांबवू, बोलणी नंतर करू. बोलणी झालीही, सप्टेंबर २००२ पासून सहा फेऱ्या झाल्या, डिसेंबरमध्ये ऑस्लोत संघराज्याचा मार्ग तपासून पाहण्यावर एकमतही झाले. परंतु एप्रिल २००३ मध्ये लिट्टेने बोलण्यांतून अंग काढून घेतले. त्यानंतर अडीच-तीन वर्षे शस्त्रसंधी उभी राहिली ती बोलण्यांवाचून, म्हणजे छप्पर नसलेल्या घराच्या भिंतींप्रमाणे.

दुसरे, ज्यांचे जीवन या कराराने ठरणार होते त्या सर्वांना त्यात स्थान नव्हते. उत्तरेतील मुसलमानांना लिट्टेने १९९० साली घरादारासकट हुसकावून लावले होते. ते या करारात पक्ष नव्हते. इतकेच काय, सैन्याच्या सर्वोच्च प्रमुख असलेल्या राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा यांनाही विश्वासात घेतले गेले नाही. घरातील थोरल्यांना वगळून धाकट्याने केलेला व्यवहार पुढे किती टिकतो, हे आपण जाणता. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांनी संरक्षणासह तीन खाती आपल्या हाती घेतली.

तिसरी उणीव मला सर्वांत बोचली. नॉर्वे हा मध्यस्थही होता आणि निरीक्षक पथकाचा प्रमुख नेमण्याचा अधिकारही त्याचाच. आमच्या पेठेच्या भाषेत सांगायचे तर दलाल आणि पंच एकच. दलालाला सौदा टिकवावयाचा असतो; पंचाला प्रसंगी सौदा मोडला असे जाहीर करावे लागते. या दोन कर्तव्यांची एकमेकांत गल्लत झाली की पंचाचा शब्द कोणीच मानत नाही. नॉर्वेच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही, पण व्यवस्थाच अशी होती. निरीक्षक नि:शस्त्र होते, त्यांच्या हाती दंड नव्हता. ते फक्त नोंद करीत. पाच वर्षांत त्यांनी लिट्टेच्या नावावर तीन हजारांहून अधिक उल्लंघने लिहिली, सरकारच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास. लिट्टेच्या खात्यातील पुष्कळशी नोंद लहान मुलांना पकडून हाती बंदूक देण्याची होती. खातेवही उत्तम लिहिली जात होती, वसुली मात्र शून्य.

येथे मला स्वत:ची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका यंत्रमागधारकाशी मालाच्या प्रतीवरून माझा वाद झाला. पेठेतील ज्येष्ठांनी आम्हा दोघांना बसविले, चहा मागविला आणि सांगितले, झाले गेले विसरा, व्यवहार चालू ठेवा, जुना हिशेब सवडीने पाहू. आम्ही हात मिळविले. दोन वर्षे सर्व सुरळीत दिसत होते. त्या दोन वर्षांत मी गुपचूप दुसरा पुरवठादार पक्का केला आणि त्या गृहस्थांनी माझीच चार गिऱ्हाइके परस्पर बांधून घेतली. जुना हिशेब पुन्हा निघाला तेव्हा दोघेही भांडणास पूर्वीपेक्षा अधिक सज्ज होतो. दोष केवळ त्यांचा होता असे मी आज म्हणणार नाही. श्रीलंकेत दोन्ही पक्षांनी मिळालेल्या अवधीचा उपयोग असाच केला. लिट्टेने समुद्रमार्गे सामग्री आणली. समुद्रावर काय चालेल आणि काय नाही, याविषयी करार संदिग्धच होता आणि २००३ मध्ये नौदलाशी झालेल्या चकमकींत लिट्टेची जहाजे बुडाली. मार्च २००४ मध्ये पूर्वेकडील सेनानी करुणा लिट्टेतून फुटले. ऑगस्ट २००५ मध्ये परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कादिरगामर यांची हत्या झाली. जुलै २००६ मध्ये एका पाटाच्या दरवाजावरून, माविल आरू येथे, उघड लढाई जुंपली. ऑगस्टमध्ये ए-९ मार्ग पुन्हा बंद झाला.

आता दुसरा कागद. सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरील आचे प्रांतात १९७६ पासून स्वतंत्र आचे चळवळ लढत होती. तेथेही डिसेंबर २००२ मध्ये जिनिव्हा येथे 'आधी गोळीबार थांबवू' असा एक करार झाला होता आणि तो सहा महिनेही टिकला नाही; मे २००३ मध्ये तेथे लष्करी कायदा पुकारला गेला. म्हणजे आचेवाल्यांनीही पहिल्यांदा श्रीलंकेचीच चूक केली. जानेवारी २००५ मध्ये हेलसिंकी येथे पुन्हा बोलणी सुरू झाली तेव्हा फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारी यांनी पद्धतच उलटी केली. सर्व मुद्दे ठरेपर्यंत एकही मुद्दा ठरला असे धरावयाचे नाही, हे त्यांचे सूत्र. स्वातंत्र्याची मागणी सुटली, त्याऐवजी स्वशासन आले. प्रांतातील तेल-वायू आणि अन्य नैसर्गिक संपत्तीच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा आचेचा. स्थानिक पक्ष काढण्याची मुभा. कैद्यांना माफी, तीही पंधरा दिवसांच्या आत. हे सारे १५ ऑगस्ट २००५ च्या कागदावर आहे. प्रश्नाची किंमत आधी ठरली, बंदूक नंतर खाली आली.

आणि ती कशी आली, हे पाहण्यासारखे आहे. चळवळीने ३,००० लढवय्ये मुक्त करावयाचे आणि ८४० शस्त्रे द्यावयाची; सरकारने बाहेरून आणलेले सैन्य व पोलीस काढून घ्यावयाचे, प्रांतात १४,७०० सैनिक आणि ९,१०० पोलीस यांहून अधिक ठेवावयाचे नाहीत. दोन्ही कामे चार हप्त्यांत, सप्टेंबर ते डिसेंबर, बरोबरीने. एका हाताने माल, दुसऱ्या हाताने पैसे. जमा केलेले प्रत्येक शस्त्र निरीक्षक तपासत, निकृष्ट असेल तर नाकारत आणि स्वीकारलेले करवतीने कापून टाकत. मोजणीची ही रीत वाचताना मला आमच्या गोदामातील डागी थान बाजूला काढणारे मेहताजी आठवले. २१ डिसेंबरपर्यंत ८४० चा आकडा भरला. पंच वेगळे होते, युरोपीय संघ आणि आसियानच्या पाच देशांचे. वाद न मिटल्यास पथकप्रमुखाचा निर्णय दोघांवर बंधनकारक होता. डिसेंबर २००६ मध्ये निवडणूक होऊन चळवळीतलेच इरवंडी युसूफ राज्यपालपदी निवडून आले आणि त्याच महिन्यात निरीक्षक काम संपवून परतले.

पुष्कळजण म्हणतात की २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने आचेला शहाणपण दिले. लाट तर दोन्हीकडे आली. आचेत दीड लाखाहून अधिक माणसे गेली, श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक. श्रीलंकेतही मदतकार्य एकत्र चालविण्याची व्यवस्था सरकार आणि लिट्टे यांनी जून २००५ मध्ये लिहून काढली. तिच्यातील महत्त्वाच्या तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात स्थगिती दिली. समुद्राने कोणालाच करार करून दिला नाही.

श्रोतेहो, मी एका कागदाला शंभर आणि दुसऱ्याला शून्य गुण देत आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. आचेची चळवळ लहान होती आणि सैन्याने तिला थकविले होते. लिट्टेकडे स्वत:चे आरमार होते, पुढे विमानेही आली. हरण्याच्या बेतात आलेला आणि जिंकू अशी आशा असलेला, यांच्याशी सौदा एकाच पद्धतीने होत नाही. शिवाय आचेच्या कागदातील सर्व हप्तेही फिटलेले नाहीत. सत्यशोधन आयोगाचे वचन २००५ चे, तो प्रत्यक्ष अस्तित्वात आला २०१६ साली; मानवाधिकार न्यायालयाचे तर नावच राहिले. ज्यांची माणसे नाहीशी झाली त्यांच्या वाट्याला तेलाच्या उत्पन्नातील टक्का कसा पोहोचणार?

श्रीलंकेच्या कराराच्या शेवटी एक तरतूद आहे. कोणाही पक्षाला करारातून बाहेर पडावयाचे असल्यास नॉर्वे सरकारला चौदा दिवसांची पूर्वसूचना द्यावी. इतर कलमे शेकडो वेळा पायदळी तुडविली गेली. ही मात्र अक्षरश: पाळली गेली. जानेवारी २००८ च्या आरंभी सरकारने सूचना दिली आणि १६ जानेवारीला करार संपला. मे २००९ मध्ये युद्ध संपले, ते प्रभाकरन यांच्या मृत्यूने आणि अखेरच्या महिन्यांत समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्टीत अडकलेल्या हजारो निरपराधांच्या मृत्यूने.

या विषयाचा अभ्यास करीत असता एक प्रश्न मला सतत छळत राहिला, तो आपल्यासमोर ठेवतो. हेलसिंकीत सहा-सात महिने बोलणी चालली होती तेव्हा आचेच्या डोंगरांत गोळीबार थांबलेला नव्हता, माणसे मरत होती. श्रीलंकेत किंमत न ठरविता आधी बंदुका थांबल्या, म्हणून चार वर्षे हजारो घरांत मुले जिवंत राहिली, काही लग्ने झाली, ए-९ वरून नातलग एकमेकांना भेटले. व्यापारी म्हणून मी तो कागद कच्चा ठरवितो. परंतु २००३ साली जाफन्याच्या बसमधून बारा वर्षांनी माहेरी निघालेल्या एखाद्या बाईपुढे मला हे म्हणता येईल काय? याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते असल्याचा आव आणणे या व्यासपीठावर शोभणार नाही.