छायाचित्रातील भूक आणि चौकटीबाहेरचे धान्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८७६ ते १८७८ या काळातील मद्रास इलाख्याच्या दुष्काळाची काही छायाचित्रे जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही ग्रंथांतून आणि नियतकालिकांतून पुनःपुन्हा छापली जातात. बहुतेकांनी ती कोठे ना कोठे पाहिलेली असतात. उघड्या बरगड्या, पाठीला लागलेली पोटे, काठीसारखे हातपाय, आईच्या मांडीवर निपचित पडलेले मूल. पाहणाऱ्याची नजर क्षणभर थांबते, मन कळवळते आणि पान उलटले जाते. ती कोणी घेतली, कोणत्या धोरणाच्या छायेत घेतली, आणि त्या माणसांच्या वाट्याचे धान्य त्या दिवशी कोठे होते, हे प्रश्न पानाबरोबरच मागे पडतात.

छायाचित्रकार होता विलोबी वॉलेस हूपर, मद्रासच्या लष्करातील एक इंग्रज अधिकारी. त्या काळी काचेवर चित्र उमटण्यास काही सेकंद लागत, तोवर समोरच्याने हालचाल करावयाची नसे. म्हणून ही माणसे रांगेने मांडलेली दिसतात : मागे उभी, पुढे बसलेली, लहान मुले अगदी पुढे. सुखवस्तू कुटुंबाचे समूहचित्र घ्यावे तशीच ही मांडणी आहे. ज्यांना उभे राहणे कठीण त्यांना स्थिर उभे राहण्यास सांगण्यात आले असले पाहिजे. एका छायाचित्राला मथळा दिलेला आहे तो असा : फुकट मदतीस पात्र असलेले जीव.

या मथळ्यातील ‘पात्र’ हा शब्द अकस्मात आलेला नाही. तो त्या काळच्या सरकारी अर्थशास्त्राचा परवलीचा शब्द होता. १८७३-७४ साली बिहारमध्ये पीक बुडाले तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून वाटला आणि फार थोडी माणसे दगावली. या कामगिरीबद्दल त्यांची पाठ थोपटली जाण्याऐवजी उधळपट्टी केल्याचा ठपका त्यांच्यावर आला. तेच टेंपल जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांचे दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत उतरले, ते काटकसरीचा धडा पुरता गिरवून. त्याच महिन्याच्या १ तारखेस दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित करणारा दरबार भरला होता. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, बाजार आपले काम आपण करील, अशी लिटन यांची श्रद्धा होती. मद्रासच्या गव्हर्नरांनी सुमारे ३० हजार टन धान्य विकत घेतले, तेही वरिष्ठ सरकारला रुचले नाही.

टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी ठरविली ती दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. बायकामुलांना त्याहून कमी. या बदल्यात दिवसभर माती खणावयाची, खडी फोडावयाची. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश हे सरकारचेच नोकर. त्यांनी स्पष्ट बजावले की तुरुंगातील कैद्याला याहून अधिक अन्न मिळते आणि एवढ्यावर कष्ट करणारे शरीर टिकणार नाही. वाद चालला, कागद फिरले. अखेरीस मद्रासमध्ये शिधा थोडा वाढविण्यात आला. पण मधल्या काळात छावण्यांतील माणसे मरतच होती. या दुष्काळात केवळ ब्रिटिश मुलखात सुमारे ५५ लाख माणसे दगावली असा एक अंदाज आहे, आणि तो सौम्य अंदाजांपैकी आहे.

याच काळात हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणारा गहू थांबला नव्हता. १८७७-७८ मध्ये ६४ लाख हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे ३ लाख २० हजार टन गहू बोटींवर चढला. हा गहू मद्रासच्या शेतांतला नव्हता, हे खरे. परंतु आगगाडी होती, बंदरे होती, व्यापारी होते. नव्हती ती मद्रासच्या मजुराच्या हातातील खरेदीची शक्ती. बाजार आपले काम चोख करीत होता : जेथे पैसा, तेथे धान्य. १८८० च्या दुष्काळ आयोगानेही हे जवळजवळ कबूल केले. अवर्षणाचा पहिला घाव शेतातील कामावर पडतो, काम जाते म्हणून मजुरी जाते आणि मजुरी जाते म्हणून अन्न जाते, असा त्याच्या निदानाचा मथितार्थ. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हा विचार काटेकोर शास्त्रीय स्वरूपात मांडला, त्याच्या शंभर वर्षे आधी साम्राज्याच्या दप्तरात तो नोंदलेला होता. हूपरच्या काचेवर हाडे उमटली. मजुरीचा दर उमटला नाही.

आणखी एक गोष्ट उमटली नाही, आणि ती महाराष्ट्रात घडली. टेंपल यांचा एक पौंडाचा दर मुंबई इलाख्यातही लागू झाला तेव्हा दख्खनच्या दुष्काळी कामांवरील हजारो माणसांनी तो नाकारला. पुणे, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत लोक कामे सोडून चालते झाले. पोटात अन्न नसलेल्यांनी केलेला हा संप होय, आणि आधुनिक हिंदुस्थानच्या इतिहासातील अशा पहिल्या मोठ्या संपांत त्याची गणना करावयास हरकत नसावी. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने या लोकांची बाजू घेतली, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारला अर्जामागून अर्ज धाडले. सभेचे पुढारी पांढरपेशे होते, त्यांची भाषा विनंतीची होती. तरीही त्यांचे आकडे सरकारला झोंबले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळी मुलांसाठी अन्नछत्र चालविले. वासुदेव बळवंत फडके याच दुष्काळी मुलखात हिंडले आणि १८७९ मध्ये त्यांनी बंड उभारले. हूपरच्या छायाचित्रांत भुकेला माणूस बसलेला आहे, कोणी काही देईल म्हणून वाट पाहणारा. इतिहासात तोच माणूस दर परवडत नाही म्हणून कुदळ टाकून निघून जातो.

हूपर पुढे ब्रह्मदेशात गेला. १८८६ मध्ये मंडाले येथे गोळ्या घालून ठार करण्यात येणाऱ्या कैद्यांची छायाचित्रे घेतल्यावरून इंग्लंडात गहजब झाला, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, चौकशी झाली. एका अधिकाऱ्याच्या निर्दयपणाची चर्चा साम्राज्याला नेहमीच सोयीची असते. ज्या हुकमाने गोळ्या झाडल्या जात होत्या, तो हुकूम तिच्यात सुखरूप राहतो.

छायाचित्र नेहमीच असे मुके असते असे मात्र नव्हे. १९४३ साली बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत असता सरकार ‘दुष्काळ’ हा शब्द टाळीत होते, कारण तो जाहीर केला की दुष्काळ संहितेनुसार मदत देणे भाग पडले असते. वृत्तपत्रांवर युद्धकालीन बंधने होती. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे इंग्रज संपादक इयन स्टीफन्स यांच्या ध्यानी आले की नियमांत छायाचित्रांचा उल्लेख नाही. २२ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांनी फुटपाथवरील मरणोन्मुख माणसांची छायाचित्रे छापली, आणि जे दिल्ली व लंडन नाकारीत होते ते जगापुढे आले. ऑक्टोबरमध्ये नवे व्हाइसरॉय वेव्हेल कलकत्त्यास गेले आणि मदतीला लष्कर आले. तोवर फार उशीर झाला होता. सुमारे ३० लाख माणसे या दुष्काळाने आणि त्यामागून आलेल्या रोगांनी नेली. सेन यांच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षीचा धान्यपुरवठा १९४१ पेक्षा अधिकच होता. युद्धखर्चाने भाव चढले, शेतमजूर आणि कोळी यांची कमाई मात्र होती तेथेच राहिली. कलकत्त्याच्या कारखानदारीसाठी स्वस्त धान्याची तजवीज होती. म्हणून मेला तो खेड्यातला माणूस, जो शहराच्या फुटपाथवर येऊन पडला.

सुनील जाना या तरुणाला कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी त्याच वर्षी बंगालमध्ये घेऊन गेले. त्याची छायाचित्रे ‘पीपल्स वॉर’मध्ये आली, ‘लोकयुद्ध’ ही त्याच साप्ताहिकाची मराठी आवृत्ती. बेचाळीसच्या लढ्याच्या प्रश्नावर समाजवाद्यांचा त्या पक्षाशी असलेला मतभेद विसरण्याचे कारण नाही. तथापि साप्ताहिकाने भुकेची बातमी कशी द्यावी याचा तो एक वस्तुपाठ होता, हे मान्य करण्यात संकोच कशाला? छायाचित्राशेजारी जिल्ह्यातील वृत्तान्त असला की वाचकाची कीव प्रश्नात बदलते.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांची छायाचित्रे निघाली, तेव्हा मात्र त्यांच्या मागे मोर्चेही होते. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. मदत हा दयेचा विषय नसून काम हा हक्क आहे, ही मागणी त्या खडीच्या ढिगांवरून पुढे आली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने संमत केला. मजुरीचा दर काय असावा, यावरून त्यानंतरही वर्षानुवर्षे तहसील कचेऱ्यांवर मोर्चे जात राहिले.